चिमूटभर हळदीचा दावा

थंडी सरता सरता वाई तालुक्यात कृष्णाकाठच्या रानांत हळदीची काढणी सुरू होते. आधी विळ्यानं पाला कापायचा, मग कुदळीनं गड्डे खणायचे. या कामात हातापायाला लागतंच, आणि लागलं की घरची चिमूटभर हळद जखमेवर दाबली जाते.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेनं याच उपायावर पेटंट दिलं, क्रमांक 5401504. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांचा तो दावा होता. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, त्याला आव्हान दिलं. तेव्हाचे महासंचालक होते मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. पुराव्यादाखल 32 संदर्भ सादर झाले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा लेखही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं.

या विजयाचा अभिमान रास्तच आहे. पण त्या निकालातून आपण नको तेवढा अर्थ काढला, असं मला वाटतं. वाद होता तो हा उपाय नवा आहे का, एवढाच. तो किती गुणकारी, याचा निवाडा तिथे झालाच नाही.

तो निवाडा जखमेपाशी करावा लागतो. कापल्याबरोबर रक्तातल्या बिंबिका एकत्र येतात, फायब्रिनचं जाळं विणलं जातं, रक्त थांबतं. मग पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात. जखमेभोवतीची लाली आणि सूज ही त्याच कामाची खूण. त्यानंतर नव्या केशवाहिन्या फुटतात, कोलॅजन साठू लागतं आणि कडेच्या त्वचापेशी आत सरकतात. जखम कोरडी पडून जाड खपली धरली, की या पेशींना खपलीखालून ओल शोधत वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगानं येते. वरून भरलेली दिसली तरी आतली डागडुजी कित्येक महिने चालते, आणि व्रणाला मूळ त्वचेची पुरती ताकद कधीच येत नाही.

हळदीतलं कुर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करतं, हे खरं. पण हळदीत ते जेमतेम 2 ते 5 टक्के, आणि पाण्यात जवळपास विरघळत नाही. डब्यातली पूड निर्जंतुक नसते. भेसळीच्या हळदीत तर शिसेयुक्त लेड क्रोमेटही सापडलं आहे. उघड्या जखमेत ती कोंबणं मला पटत नाही. सुश्रुतानंही व्रणाचे साठ उपक्रम सांगितले. त्यांत काढ्यानं धुणं आहे, पट्टी बांधणं आहे. परंपरेचा हा शिस्तीचा भाग आपण विसरलो आणि चिमूट तेवढी लक्षात ठेवली.

रानात विळा लागला तर स्वच्छ फडक्यानं दाबून रक्त थांबवावं, वाहत्या स्वच्छ पाण्यानं माती जाईपर्यंत धुवावं, स्वच्छ पट्टीनं झाकावं. जखम खोल असेल, तर टाके आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा. मधुमेह असलेल्यांनी तर पायाची लहानशी जखमही लगेच दाखवावी: तिथल्या नसा बधिर झाल्यानं ती दुखत नाही, रक्तपुरवठा कमी असल्यानं भरत नाही, आणि हळदीच्या लेपाखाली ती चिघळतेय हे दिसतही नाही.