शेकडेवारी : बीजगणिताविना उदाहरणे सोडविण्याच्या रीती

शेकडेवारी (शतमान) : एखाद्या राशीचे १०० समान भाग कल्पून, तिच्याशी तुलना करावयाची दुसरी राशी अशा किती भागांएवढी आहे, हे सांगण्याच्या रीतीस शेकडेवारी म्हणतात. या प्रत्येक भागास ‘टक्का’ ही संज्ञा असून तो % या चिन्हाने दर्शवितात. ज्या राशीचे १०० भाग कल्पावयाचे तिला येथे ‘मूळ राशी’ म्हटले आहे. शेकडेवारीची प्राथमिक शाळेतील शाब्दिक उदाहरणे अक्षरे व समीकरणे न वापरताही पूर्णपणे सोडविता येतात. त्यासाठी उदाहरणातील मूळ राशी कोणती हे प्रथम ओळखावे लागते. विद्यार्थ्यांच्या व पुष्कळदा सुशिक्षित प्रौढांच्याही चुका आकडेमोडीत कमी व या ओळखण्यात अधिक होतात.

इतिहास : शंभराच्या प्रमाणात हिशेब सांगण्याची चाल जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दरमहा शंभर पणांस सव्वा पण हे न्याय्य व्याज सांगितले असून व्यापारी, अरण्यातून जाणारे व समुद्रपर्यटन करणारे यांच्यासाठी ते अनुक्रमे ५, १० व २० पण दिले आहे. म्हणजे धोका वाढेल तसा दर वाढतो. रोममध्ये ऑगस्टस याच्या कारकीर्दीत लिलावाने विकल्या जाणाऱ्या मालावर शंभरावा हिस्सा कर घेत. मध्ययुगीन इटलीतील व्यापारी ‘दर शंभरास’ या अर्थी ‘पेर चेंतो’ असे लिहीत. त्याच्या संक्षेपापासून हळूहळू आजचे % हे चिन्ह बनले.

महाराष्ट्रात व्याजाचा दर ‘दरमहा दरशेकडा’ किंवा ‘दरसाल दरशेकडा’ असा सांगत. मात्र इतर व्यवहारात रुपयाचे १६ आणे हेच माप लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. पिकाचा अंदाजही आण्यांतच सांगत व त्यास आणेवारी म्हणत. १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणी सुरू होऊन रुपयाचे १०० पैसे झाले आणि आणेवारीच्या जागी पैसेवारी हा शब्द आला. पैसेवारी ही खरी पाहता शेकडेवारीच होय. तीत प्रमाण मानलेले उत्पन्न १०० पैसे धरतात. पैसेवारी ५० पैशांच्या आत येणे ही टंचाईची एक कसोटी दीर्घकाळ मानली जात असल्याने, मूळ राशी म्हणून कोणते उत्पन्न प्रमाण धरले यावर शेतकऱ्यास मिळणारी सवलत अवलंबून राही.

त्रैराशिक : शेकडेवारीच्या सर्व रीतींचा आधार त्रैराशिक हा आहे. आर्यभट यांनी आर्यभटीय (इ. स. ४९९) या ग्रंथात त्याचा नियम दिला आहे. फल व इच्छा यांच्या गुणाकारास प्रमाणाने भागले असता इच्छाफल मिळते. उदा., २५० आंब्यांत ४० आंबे नासके निघाले, तर शेकडा किती नासके? येथे प्रमाण २५०, फल ४० व इच्छा १०० असून इच्छाफल ४० × १०० ÷ २५० = १६ येते. म्हणून नासक्या आंब्यांचे प्रमाण १६% आहे. एकमान पद्धतीत हेच दोन पायऱ्यांनी, म्हणजे आधी एकाचे व मग शंभराचे मान काढून करतात. परंतु ‘एक’ हाच टप्पा घेतला पाहिजे असे नाही. २५० ला ४०, म्हणून ५० ला ८ व १०० ला १६, ही वाट तोंडी हिशेबास सोयीची आहे.

भाग जोडण्याची रीत : मूळ राशी दिली असून तिचे काही टक्के काढावयाचे असल्यास सोपे भाग जोडून उत्तर मिळते. ४८० रुपयांचे ३५% काढताना १०% म्हणजे ४८ रुपये, म्हणून ३०% म्हणजे १४४ रुपये; ५% म्हणजे १० टक्क्यांचे निम्मे, २४ रुपये; एकूण १६८ रुपये. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे जुने पाढे ज्यांना येतात त्यांना २५, ५०, ७५, १२५ व १५० टक्के वेगळे शिकावे लागत नाहीत. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा आणि सव्वासहा टक्के म्हणजे सोळावा हिस्सा, अर्थात रुपयातील एक आणा.

मूळ राशी शोधणे : मूळ राशी दिलेली नसते, तेथे बीजगणितात तिला अक्षर देतात. अंकगणितात तिला ‘१०० भाग’ म्हणतात व दिलेली राशी किती भागांची आहे ते पाहतात. एका परीक्षेत उत्तीर्ण होण्यास ३५% गुण लागतात. एका विद्यार्थ्यास १७८ गुण मिळाले व तो ३२ गुणांनी अनुत्तीर्ण झाला. तर परीक्षा एकूण किती गुणांची? उत्तीर्ण होण्यास १७८ + ३२ = २१० गुण हवेत. हे ३५ भाग होत. म्हणून ५ भाग म्हणजे ३० व १०० भाग म्हणजे ६०० गुण.

नफा-तोट्याच्या उदाहरणांत हीच रीत लागते. २०% नफा घेऊन एक वस्तू ५४० रुपयांस विकली, तर तिची खरेदी किंमत किती? पुष्कळ विद्यार्थी ५४० चे २०% म्हणजे १०८ वजा करून ४३२ हे उत्तर देतात. ताळा पाहिल्यास चूक उघड होते. ४३२ चे २०% म्हणजे ८६·४० रुपये असून विक्री किंमत ५१८·४० एवढीच येते. नफ्याचे टक्के खरेदी किमतीवर मोजावयाचे असल्याने खरेदी १०० भाग व विक्री १२० भाग होते. १२० भाग म्हणजे ५४० रुपये, म्हणून २० भाग म्हणजे ९० व १०० भाग म्हणजे ४५० रुपये. येथे ९० + ४५० = ५४० असा ताळा जुळतो.

दोन मूळ राशी असलेली उदाहरणे : दोन वस्तू प्रत्येकी १,२०० रुपयांस विकल्या. एकीवर २०% नफा व दुसरीवर २०% तोटा झाला. नफा-तोटा सारखाच झाला असे येथे वाटते, पण दोन्ही वस्तूंच्या मूळ राशी भिन्न आहेत. पहिलीचे १२० भाग म्हणजे १,२०० रुपये, म्हणून तिची खरेदी १,००० रुपये. दुसरीचे ८० भाग म्हणजे १,२०० रुपये, म्हणून तिची खरेदी १,५०० रुपये. पहिलीचा एक भाग १० रुपयांचा, तर दुसरीचा १५ रुपयांचा आहे. एकूण २,५०० रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये, म्हणजे ४% तोटा झाला. लहानमोठ्या भागांचे टक्के परस्परांत मिळविता किंवा वजा करता येत नाहीत, हा नियम यातून स्पष्ट होतो.

लागोपाठच्या फेरफारांनाही हाच नियम लागू आहे. २०% व नंतर १०% सूट ही ३०% सूट नव्हे. १०० चे ८० होतात व ८० चे ७२, म्हणून एकूण सूट २८% असते. साखरेचा भाव २५% वाढला असता खर्च तेवढाच राखण्यासाठी वापर किती कमी करावा, हे उदाहरण व्यस्त त्रैराशिकाचे आहे. पूर्वी जी साखर १०० रुपयांस मिळे तिला आता १२५ रुपये पडतात. म्हणून १०० रुपयांत तिचा १२५ पैकी १०० वा हिस्सा, म्हणजे ८०% साखर येते. वापर २०% कमी करावा लागतो.

न बदलणारी राशी : काही उदाहरणांत मूळ राशी स्वतःच बदलत असते. अशा वेळी जी राशी स्थिर राहते तिचा आधार घ्यावा. समजा, ताज्या द्राक्षांत ८०% व बेदाण्यांत २०% पाणी आहे. तर १०० किग्रॅ. द्राक्षांपासून किती बेदाणे मिळतील? ८० मधून २० वजा करून ६० किग्रॅ. पाणी गेले असे म्हणणे चुकीचे आहे, कारण पहिले टक्के द्राक्षांच्या वजनाचे व दुसरे बेदाण्यांच्या वजनाचे आहेत. पाण्यावाचूनचा गर मात्र सुकण्यापूर्वी व नंतर २० किग्रॅ.च असतो. तो बेदाण्यांत ८० भाग आहे. म्हणून १०० भाग म्हणजे २५ किग्रॅ. बेदाणे मिळतील व ७५ किग्रॅ. पाणी उडून जाईल.

इष्टकर्म : अज्ञात राशीऐवजी सोयीची कोणतीही संख्या मानून उदाहरणातील क्रिया करावयाच्या आणि आलेल्या उत्तरावरून त्रैराशिकाने खरे उत्तर काढावयाचे, या रीतीस भास्कराचार्यांनी लीलावती (११५०) या ग्रंथात इष्टकर्म म्हटले आहे. त्यातील कमळांच्या उदाहरणात एका राशीचे १/३, १/५, १/६ व १/४ भाग देवतांना वाहून ६ कमळे उरतात. राशी ६० मानल्यास २० + १२ + १० + १५ = ५७ कमळे जातात व ३ उरतात. उरावयास हवीत ६; म्हणून खरी राशी ६० × ६ ÷ ३ = १२० आहे. प्राचीन ईजिप्तमधील ऱ्हिंड पपायरसातही अशी रीत आढळते. शेकडेवारीत ‘खरेदी १०० मानू’ असे म्हणणे हे इष्टकर्मच असून त्यात इष्ट संख्या १०० घेतलेली असते. मात्र सर्व राशी परस्परांच्या प्रमाणात असतील तेथेच ही रीत चालते. ठराविक रक्कम मिळविलेली वा वजा केलेली असल्यास, वरील गुणांच्या उदाहरणाप्रमाणे, ती आधी वेगळी करून घ्यावी लागते.

महत्त्व : या रीतींत विद्यार्थ्यास प्रत्येक टप्प्यावर आपण कोणत्या वस्तूचे भाग मोजीत आहोत याचे भान ठेवावे लागते. पुढे बीजगणितात ‘१०० भाग’ याची जागा अक्षर घेते. म्हणून ही तयारी बीजगणिताच्या आड न येता त्यास उपकारकच ठरते. व्यवहारात तिची गरज अधिक आहे. कर्जाच्या व्याजाचा दर ८ वरून १० टक्क्यांवर गेला, तर तो दोन अंकांनी वाढला हे खरे. पण व्याजाचा बोजा मूळच्या एकचतुर्थांशाने, म्हणजे २५ टक्क्यांनी वाढतो. दोन्ही विधाने बरोबर असून त्यांच्या मूळ राशी वेगळ्या आहेत. सवलतीची जाहिरात, निवडणुकीतील मतांचे प्रमाण किंवा पिकाची पैसेवारी वाचताना ‘कशाचे टक्के?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागणे, हे शेकडेवारीच्या शिक्षणाचे मुख्य फल होय.