विश्लेषण : एकट्याने ट्रेकला जाण्यात नेमका धोका किती?

शनिवारी रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ‘उद्या जमणार नाही रे.’ अर्ध्या तासात दुसरा, मग तिसरा. बॅग भरून तयार असतो तो एकटाच. मिरा रोड-भाईंदरच्या ट्रेकर्ससाठी पावसाळ्यातला हा नेहमीचा प्रसंग. खाडी ओलांडून नायगाव-वसईकडे गेले की चिंचोटीचा धबधबा, तुंगारेश्वरचे जंगल आणि कामणदुर्ग हाकेच्या अंतरावर. अशा वेळी एकट्यानेच निघावे की अलार्म बंद करून झोपावे?

धोका मोजायचा कसा?

धोक्याचे दोन भाग असतात. एक, अपघात होण्याची शक्यता. दुसरा, तो झालाच तर होणारे नुकसान. शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरून घोटा मुरगळण्याची शक्यता एकट्याला जेवढी, तेवढीच ग्रुपमधल्या प्रत्येकाला. पण ग्रुपमध्ये दोघे खांदा देतात आणि तिसरा मदत आणायला खाली उतरतो. एकट्याच्या बाबतीत तोच घोटा रात्र जंगलात काढायला लावू शकतो. म्हणजे शक्यता फारशी बदलत नाही, परिणाम बदलतो.

सोबत असली की सुरक्षित, असे आहे का?

तसेही नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये माणगावजवळ कुंभे धबधब्याच्या दरीत पडून मुंबईच्या एका तरुणीचा मृत्यू झाला. तीही मित्रमैत्रिणींसोबत होती. चिंचोटीला 7 जुलै 2018 रोजी पाणी अचानक वाढल्याने शंभराहून अधिक पर्यटक अडकले आणि एकाचा जीव गेला.

पाण्याचा लोंढा किंवा कड्याची धार माणसे मोजत नाही. उलट घोळक्यात भीड चेपते. ‘सगळे जातायत ना, चल’ म्हणत माणूस एकट्याने कधीच उतरला नसता त्या पाण्यात उतरतो. एकटा माणूस कुणाला न विचारता मागे फिरू शकतो, हा त्याचा खरा फायदा.

मग एकटेपणाने फरक कुठे पडतो?

वेळेत. मे 2022 मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळ नागफणी परिसरात एकटाच गेला होता. वाट चुकल्याचे त्याने घरी फोनवर कळवले, नंतर संपर्क तुटला. पोलीस, स्थानिक बचाव पथके आणि एनडीआरएफने शोध घेतला. चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह सापडला. माणूस संकटात आहे हे माहीत होते, नेमका कुठे आहे हे माहीत नव्हते.

काश्मीरमध्ये गुलमर्गला ठरलेली वाट सोडून बर्फात स्कीइंग करणाऱ्यांचा हिशेबही हाच असतो. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घटते. एवढ्या वेळात बाहेरून पथक पोहोचत नाही, शेजारचा माणूसच उकरून काढतो. एकट्याजवळ तो शेजारचाच नसतो.

खिशात फोन आहे, मग चिंता कशाची?

फोनच नकाशा, फोनच टॉर्च आणि मदत मागण्याचे साधनही फोनच. तो भिजला किंवा बॅटरी संपली की तिन्ही गोष्टी एकाच वेळी जातात. त्यात डोंगरात नेटवर्क शोधत राहिल्याने बॅटरी लवकर उतरते. जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही, मात्र नकाशा आधीच डाउनलोड केलेला हवा. फोन फ्लाइट मोडवर ठेवावा, पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावी आणि टॉर्च वेगळा ठेवावा. कॉल लागत नसेल तिथे एसएमएस जाण्याची शक्यता असते. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून 112 लागू शकतो.

शिट्टी मात्र बॅटरीशिवाय चालते. मिनिटाला सहा वेळा वाजवणे आणि मिनिटभर थांबून पुन्हा वाजवणे, ही गिर्यारोहकांची मदत मागण्याची आंतरराष्ट्रीय खूण आहे.

बंदी असेल तर?

पावसाळ्यात धोकादायक धबधब्यांवर प्रशासन किंवा पोलीस मनाई आदेश काढतात. तो मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 नुसार गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यामुळे निघण्याआधी त्या दिवसाचा आदेश आणि हवामान खात्याचा इशारा, दोन्ही पाहावेत. रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर बेत रद्द करावा.

एकट्याने जायचेच असेल तर?

निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही वाट आधी कुणासोबत तरी केली आहे का? रविवारी त्या वाटेवर इतर माणसे असतात का? आणि परतायची वेळ घरी कुणाला ठाऊक आहे का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर धोका आटोक्यात राहतो. दोन हजार फुटांहून उंच कामणदुर्गावर दाट जंगल, फुटणाऱ्या ढोरवाटा आणि तुरळक वर्दळ असते. त्यामुळे पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिथे एकट्याने जाऊ नये. ओढा ओलांडताना पाणी गढूळ होऊ लागले किंवा काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर वर पाऊस पडतो आहे असे समजून लगेच मागे फिरावे.

‘ट्रेकला चाललोय’ एवढा निरोप पुरेसा नसतो. गडाचे नाव, चढायची वाट, उतरायची वाट आणि अंतिम वेळ लिहून पाठवावी. उदाहरणार्थ, ‘संध्याकाळी सहापर्यंत फोन करेन. आठपर्यंत आला नाही, तर 112 ला कळव.’ वेळ ठरलेली असली की घरच्यांचा ‘थोडी वाट पाहू’ म्हणण्यात जाणारा वेळ वाचतो. मग मदत दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे, त्याच रात्री निघू शकते.

शनिवारी रात्री ज्या मित्राने नकार कळवला, त्याच्याकडेच हे काम सोपवता येईल. रविवारी तो घरीच असणार आहे.