दोन राउटर, एक फॉर्म आणि नेटवर्किंगची सुरुवात

ज्यांच्याकडे हेडफोन नाही, किंवा एसटीत काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जिथे भरकटलो तिथे काटछाट केली, बाकी तसंच आहे.

आजचा विषय माझ्या मावसभावामुळे निघाला. बारावी झाली, त्याला नेटवर्क टेक्निशियन व्हायचंय. शहरातल्या एका क्लासने चाळीस हजार फी सांगितली. मावशीने मला फोन केला, "भरू का रे?" मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी त्या दोघांना मानोऱ्यातला एक किस्सा सांगितला. त्यात फजिती माझीच आहे.

दिवाळीत घरी आलो होतो. काकांचं मानोऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, तीन कॉम्प्युटर. त्या दिवशी एका भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख. दुकानात पंधरा-वीस पोरं, काही तर पोहरादेवीकडच्या तांड्यांवरून गाडीने आलेली. दुपारी लाइट गेली, अर्ध्या तासाने आली, आणि तीनपैकी दोन कॉम्प्युटरवर नेट बंद. तिसऱ्यावर मात्र मस्त चालू! काका म्हणाले, "अबे, तू त कम्प्युटरचाच इंजिनीअर ना? पाय ना काय झालं त."

आता माझं बघा. बीटेकला 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' हा अख्खा विषय होता. ओएसआयचे सात थर झोपेतून उठवलं तरी सांगीन. मी काय केलं? ब्राउझर बदलला. कॅश साफ केली. डीएनएस ८.८.८.८ टाकून बघितलं. अँटिव्हायरस बंद केला. रीस्टार्ट केलं तर बंद पडलेल्यांपैकी एक चालू झाला, आणि चालू होता तो बंद पडला. दीड तास गेला. पोरं घड्याळ बघतायत, आणि मी कस्टमर केअरच्या माणसावर ओरडतोय, ज्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

शेवटी काकांनी केबलवाल्याकडे काम करणाऱ्या एका पोराला बोलावलं. आयटीआय झालेला, वय वीस-एकवीस. त्याने कॉम्प्युटरला हातच लावला नाही. आधी भिंतीवरच्या फायबरच्या डब्याकडे बघितलं. पॉनचा हिरवा दिवा स्थिर, लॉसचा लाल दिवा बंद. म्हणजे बाहेरून प्रकाश येतोय, कंपनीची लाइन ठीक. मग स्विचचे दिवे बघितले. तेही लुकलुकत होते, म्हणजे वायर ठीक. मग एका चालू आणि एका बंद कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलं आणि दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी वाचल्या.

"दादा, याचं गेटवे येगळं हाये अन् त्याचं येगळं. तुमच्या इथं दुसरा राउटर हाये का कुठी?"

होता! चुलतभावाने मागच्या खोलीत वायफाय मिळावं म्हणून घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडला होता. आठवडाभर काही झालं नाही, म्हणून तो विसरूनही गेला.

इथे जरा थांबू, कारण नेटवर्किंगचा अर्धा पाया या एका भानगडीत आहे.

तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर नेटवर्कला जोडला की पहिल्यांदा ओरडून विचारतो, "मला पत्ता कोण देतं?" पत्ता देण्याच्या या कामाला डीएचसीपी म्हणतात, आणि घरात ते राउटर करतो. तो तीन गोष्टी एकदम सांगतो. तुझा आयपी हा, तुझी हद्द ही, आणि हद्दीबाहेर जायचं असेल तर या दारातून जा. हद्द म्हणजे सबनेट मास्क, दार म्हणजे गेटवे. मानोऱ्यातल्या मानोऱ्यात काम असेल तर तुम्ही चालत जाता. कारंजा, दिग्रस किंवा वाशीमला जायचं तर आधी एसटी स्टँड गाठता. गेटवे म्हणजे ते स्टँड.

दुकानात दोन राउटर होते, म्हणजे पत्ते वाटणारेही दोन. खरा राउटर १९२.१६८.१.१ आणि जुना १९२.१६८.०.१. जो आधी उत्तर देईल त्याचं कॉम्प्युटर ऐकतो. जुन्याने पत्ता दिला की कॉम्प्युटर त्याच्या स्टँडवर जाऊन उभा राहायचा, आणि त्या स्टँडवरून एकही गाडी सुटत नव्हती, कारण त्याला बाहेरची लाइनच नव्हती. मिळालेला पत्ता ठरावीक मुदतीचा असतो, म्हणून आठवडाभर निभावलं. लाइट गेली, सगळे एकदम बंद झाले, उठल्यावर सगळ्यांनी नव्याने पत्ता मागितला आणि घोळ झाला. माझं डीएनएस बदलणं म्हणजे चुकीच्या स्टँडवर उभं राहून नकाशा बदलून बघण्यासारखं होतं.

त्याने वायर काढली, कॉम्प्युटरना नवीन पत्ते घ्यायला लावले. दहा मिनिटं लागली.

मला जे येत होतं आणि त्याला जे येत होतं, त्यात फरक काय? व्याख्या मला जास्त येत होत्या. त्याला क्रम येत होता. दिवा, वायर, पत्ता, मग गेटवेला पिंग, मग बाहेर ८.८.८.८ ला पिंग, आणि सगळ्यात शेवटी नाव. ८.८.८.८ पर्यंत पिंग जातंय पण वेबसाइट नावाने उघडत नाही, तेव्हाच डीएनएसवर संशय घ्यायचा. मी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. मुलाखतीत "ग्राहक म्हणतो नेट बंद आहे, पहिलं काय बघशील?" असा प्रश्न आला, तर समोरच्याला हा क्रमच ऐकायचा असतो.

यातलं बरंच तुम्ही आत्ता हातातल्या फोनवर बघू शकता. वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टॅप करा, आयपी आणि गेटवे दिसेल. बहुतेकांचा १९२.१६८ ने सुरू होईल. तुमचाही तोच, शेजाऱ्याचाही तोच, मग गोंधळ कसा होत नाही? आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. जगाला ते पुरणारे नव्हते. म्हणून १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले. गल्लीत कितीही घरांत 'बाळू' असला तरी चालतं, तसंच. बाहेर जाताना राउटर आपला पत्ता लावतो, त्याला नॅट म्हणतात. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा, मशीनने विचारलं पण कोणीच पत्ता दिला नाही.

वायरचं मात्र फोनवर शिकता येत नाही. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घातलेली. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवीन पोरं पांढऱ्या-हिरव्याशेजारी हिरवाच लावतात, कारण दिसायला बरं दिसतं. दोन्ही टोकांना तीच चूक केली तर स्वस्तातला टेस्टर एक ते आठ सगळे दिवे दाखवतो! पण ३ आणि ६ नंबरच्या पिना एकाच पिळाच्या जोडीच्या हव्यात. त्या फुटल्या की लांब केबलवर नेट कधी चालतं, कधी अडखळतं, आणि दोष सापडता सापडत नाही. पीळ असतोच बाहेरचा आवाज मारायला. पंचवीस-तीस कनेक्टर वाया घालवल्याशिवाय हात बसत नाही, ते वाया जाऊ द्या. आणि तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे ओढू नका.

फायबरमध्ये पॉवर मीटर येतो आणि उणे आकडे बघून पोरं घाबरतात. उणे १८ हा उणे २६ पेक्षा चांगला. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. घरच्या डब्याला साधारण उणे २७ च्या खाली गेलं की कठीण. कोणी कपाट सरकवून फायबर दुमडली असेल तर तेवढ्यानेही आकडा पडतो.

हे काम गावाकडे आहे का? २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. काम रखडलं, रडतखडत झालं, त्यावर वेगळा भाग होईल. पण फायबर एकदा टाकली की ती जेसीबीने तुटते, उंदीर कुरतडतात, पावसात जॉइंट खराब होतात. जोडायला माणूस तालुक्यातलाच लागतो.

मावशीला मी सांगितलं, चाळीस हजार आत्ता देऊ नको. आयटीआयमध्ये 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीवर मिळतो. प्रवेशाच्या यादीत तो कुठे आहे ते बघ आणि फॉर्म भर. तोवर त्याला क्रिम्पिंग टूल, टेस्टर आणि कनेक्टरचं पाकीट घेऊन दे. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे, त्यात खोटे राउटर जोडून दुकानातली भानगड मुद्दाम घडवून बघता येते. सीसीएनएची परीक्षाच सुमारे ३०० डॉलरची, ती नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून. मावसभाऊ थोडा नाराज झाला, त्याला क्लासमधला एसी आवडला होता.

दुकानाचं राहिलं. त्या पोराने जुना राउटर फेकायला लावला नाही. त्याचा डीएचसीपी बंद केला, पत्ता १९२.१६८.१.२ केला आणि परत जोडून दिला, मागच्या खोलीतही वायफाय आलं. शेवटचा फॉर्म रात्री सव्वाअकराला गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी स्विचच्या रिकाम्या पोर्टवर काळी चिकटपट्टी लावली आणि पांढऱ्या पेनाने लिहिलं, "याले कोनी हात लाऊ नये. इंजिनीअरनं बी."