बोलावणं त्याचं, गाडी आपली

"बोलावणं आल्याशिवाय पंढरीला जाणं होत नाही," असं आपल्याकडे म्हणतात. माझी आईसुद्धा म्हणायची. आई दौंडला, मी शिरूरला. न्हावऱ्यावरून गेलं तर तासा-दीड तासाचं अंतर. तरीही दोन वर्षं आजी-नातवाची गाठ पडलेली नव्हती. फोनवर काय बोलतील तेवढंच. आईचे गुडघे गेलेले, त्यात छातीचं दुखणं, त्यामुळे तिला येणं होईना. आणि आम्हाला जाणं का होईना, ते सांगते.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून हातपाय कडक. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बोलणं कमी, पण समज पुष्कळ. लहान होता तोवर प्रवासाची काळजी नव्हती. कडेवर घ्यायचा आणि एसटीत बसायचं, झालं! दहाव्या वर्षापासून ह्यांनी त्याला पाठुंगळी घ्यायला सुरुवात केली. पंधराव्या वर्षी पोराचं वजन पंचेचाळीस किलो भरलं आणि ह्यांच्या कंबरेनं जबाब दिला. मैत्रिणींनो, मूल अंगानं भरतंय याचा आनंद कुठल्या आईला होत नाही? पण ज्या आईला ते उचलावं लागतं ना, तिला आनंदाबरोबर धसकाही बसतो. वजनकाट्यावर आकडा वाढला की मी आधी हसायचे आणि मग रात्री जागी राहायचे.

मग हळूहळू एकेक जाणं बंद झालं. आधी लग्नं, मग माहेर, मग रांजणगावचा गणपती. तो तर आमच्याच तालुक्यात! कुणी विचारलं की मी म्हणायचे, "बघू, बोलावणं आलं की जाऊ." सासूबाईही तेच म्हणायच्या. किती सोयीचा शब्द आहे बघा. देवावर ढकललं की आपल्याला काही करावं लागत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईचा फोन आला. "एकदा त्याला घेऊन पंढरीला जायचंय. मला आता फार वाट बघता यायची नाही गं." सवयीनं मी म्हटलं, "बोलावणं आलं की जाऊ, आई." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बोलावणं त्याचं कधीचंच आलंय. तुझी गाडी येत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरं सांगायचं तर मी या कामातली बाई. बचत गटातल्या बायकांच्या मुलांचे अपंगत्वाचे दाखले, यूडीआयडी कार्डं यासाठी मीच त्यांना घेऊन हिंडते. सवलती तोंडपाठ आहेत. एसटीत चाळीस टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर तिकिटात ७५ टक्के सूट, पासष्ट टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट. आम्हा बायकांना तर मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहेच. रेल्वेतही, ज्याला सोबतीशिवाय प्रवास करताच येत नाही अशा अपंग माणसाला आणि त्याच्या सोबत्याला स्लीपर आणि थ्री टायर एसीत ७५ टक्के सूट मिळते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० साली थांबली, ही मात्र चालू राहिली. पुष्कळ बायकांना वाटतं दोन्ही बंद झाल्या. तसं नाही. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातला सरकारी डॉक्टरांचा दाखला घेऊन रेल्वेचं ओळखपत्र काढून ठेवावं, म्हणजे दर वेळी कागदांची पिशवी उघडावी लागत नाही. आणि दौंडहून जाणाऱ्यांसाठी एक सांगते. नगरकडून येऊन थेट पुण्याकडे जाणाऱ्या काही गाड्या मुख्य स्टेशनात न येता ‘दौंड कॉर्ड लाईन’ या वेगळ्या स्टेशनावर थांबतात. तिकिटावर नाव नीट वाचा. व्हीलचेअर घेऊन चुकीच्या स्टेशनावर उतरलं तर काय होईल, ते सांगायला नको.

सवलतीचं सगळं खरं. पण तिकीट पाव झालं म्हणून पायरी पाव होत नाही! साध्या बसची पहिली पायरी धडधाकट बाईला साडी सावरून चढताना जड जाते. रेल्वेत अपंगांसाठी रुंद दाराचा डबा असतो, तोही गाडीच्या टोकाला. पण फलाट आणि डबा यांच्यातली उंची नि फट राहतेच. जो एका पायानं का होईना उभा राहतो, त्याचं भागतं. माझा मुलगा उभाच राहत नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे बरं का. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. बसस्थानकं, रेल्वे स्थानकं, वाहनं सगळ्यांना वापरता येतील अशी करणं त्यात सरकारवर टाकलेलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सोयींचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. वाचून बरं वाटलं. पण आईचं वय एकोणऐंशी.

तीन खासगी गाडीवाल्यांना विचारलं. एक म्हणाला, सीटं खराब होतील. दुसऱ्यानं भाडं असं सांगितलं की मी हसलेच. तिसरा तयार झाला, पण "उचलायला दोन गडी तुमचे तुम्ही आणा" म्हणाला. गडी मिळाले असते हो. पण सतरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत पोत्यासारखं उचललं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलेलं आहे. तो डोळे घट्ट मिटून घेतो.

मग एके दिवशी आमच्या आळीत शाळेची मुलं सोडायला येणारी उंच टपाची व्हॅन दिसली. मागं दार आहे, रविवारी गाडी रिकामी उभी असते. रोज बघत होते, पण डोक्यात कधी आलं नव्हतं! तो मुलगा म्हणाला, "काकू, मागची दोन सीटं काढून देतो. पण खुर्ची वर कशी चढवायची?"

त्याचं उत्तर फॅब्रिकेशनवाल्यानं दिलं. इमारतीत एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, असा नियम आहे. गाडीचा तळ जमिनीपासून पावणेदोन फूट, म्हणजे एकवीस फुटांची फळी! ती ठेवायची कुठं? शेवटी सात फुटांची केली. मधोमध बिजागरी, वर खडबडीत पत्रा, दोन्ही कडांना बोटभर पट्टी म्हणजे चाक घसरणार नाही. उतार भारी होतो, त्यामुळे मागून दोघांनी ढकलायचं, खाली उतरवताना खुर्ची उलटी घ्यायची. आत खुर्ची चारही बाजूंनी जमिनीच्या कड्यांना पट्ट्यांनी बांधायची, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही. आणि मुलाला पट्टा वेगळा. पहिल्यांदा आम्ही त्याच्याऐवजी गव्हाचं पोतं बसवून नदीपर्यंत फेरी मारली. भिशीचे पैसे त्यात गेले. गेले तर गेले.

माघी एकादशीनंतर एका रविवारी निघालो. पहाटे शिरूर सोडलं, न्हावऱ्याला चहा, दौंडला आईला घेतलं. ती व्हॅनच्या दाराशी आली, फळीकडे बघितलं, नातवाकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढंच होतं होय?"

मला त्या दोन शब्दांचं फार लागलं. तिनं टोमणा मारला नव्हता, तरी.

भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी. आईचं हरिपाठ म्हणणं चालू होतं, मुलगा खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या मोजत होता. आमच्या शिरूरची घोड नदी भीमेला मिळते, तीच भीमा दौंडवरून पुढं जाऊन पंढरपुरात चंद्रभागा होते, हे मी त्याला नकाशावर दाखवलेलं. त्याला पाणी बघायचं होतं. पण टेंभुर्णीच्या पुढं त्याच्या पायात गोळे यायला लागले. पाय ताठ झाले, ओठ दाताखाली. त्याला इतका लांबचा प्रवास सवयीचा राहिलेला नव्हता.

आई म्हणाली, "लऊळ जवळ आहे. तिथं थांबू."

कुर्डुवाडीजवळच्या या गावात संत कुर्मदासांचं मंदिर आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’त त्यांची कथा आहे. कुर्मदास पैठणचे. हातपाय नव्हते. तरी पंढरीला निघाले, पोटावर सरपटत. लऊळला पोचेपर्यंत एकादशी तोंडावर आली आणि पुढं सरकणं होईना. तेव्हा त्यांनी एका वारकऱ्याजवळ पांडुरंगाला निरोप धाडला, आणि पांडुरंग ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन निघाला, वाटेत अरणला सावता माळ्यांकडे थांबला आणि लऊळला आला.

लहानपणी ही गोष्ट मी आईच्याच तोंडून ऐकली. तेव्हा त्यातला देव तेवढा लक्षात राहिला. आता मला तो निरोप नेणारा वारकरी आठवतो. त्याचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. तो "बोलावणं येईल तुला" म्हणून पुढं निघून गेला असता तर?

फळी लावली, खुर्ची उतरवली. देवळाच्या दारात सावलीला बसलो. मी मुलाचे पाय चोळत होते, आई त्याच्या डोक्यावर हात ठेवून कुर्मदासांची गोष्ट सांगत होती. बऱ्याच वेळानं गोळे उतरले. हे म्हणाले, "आता निघालो तर संध्याकाळपर्यंत दर्शन होईल." आईनं मान हलवली. "आज इथवरच. त्याला त्रास होतोय. पुढच्या खेपेला जाऊ." मुलगा तिच्याकडे बघून हसला. मग तिनं पिशवीतून दशम्या काढल्या आणि आम्ही जेवलो.

पंढरपूर राहिलंच आहे अजून. आईचं औषधपाणी चालू आहे, डॉक्टरांनी थंडी सरू दे म्हटलंय. मुलगा त्यानंतर तीनदा दौंडला जाऊन आला, एकदा रांजणगावलाही.

फळी मात्र घरात टिकत नाही. आधी आमच्या गटातल्या एकीनं सासऱ्यांना पुण्याला तपासायला न्यायला नेली, मग मांडवगणच्या एका मुलीच्या परीक्षेसाठी गेली. सध्या न्हावऱ्याला आहे. शनिवारी आणून देते म्हणाली आहे, कारण रविवारी आम्हाला लागणार आहे.