काचेपलीकडचा व्यायाम

बेंगळुरू : बेंगळुरू म्हटलं की पुण्या-मुंबईकडे आयटी आठवतं. बेळगाव, खानापूर, बिदर, भालकीकडच्या मराठी माणसाला मात्र हे शहर इस्पितळांचं. निम्हान्स, किदवई आणि इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था एकमेकांच्या शेजारी, के. आर. मार्केटजवळ वाणी विलास, १९३५ पासूनचं. बेळगावात रात्रीची गाडी धरायची, पाचेकशे किलोमीटर काढायचे आणि सकाळी पोराला घेऊन कॅज्युअल्टीत उभं राहायचं.

पोर 'पीआयसीयू'त, म्हणजे बालअतिदक्षता विभागात, गेलं की आईबाप दाराबाहेर. भेट बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदा-दोनदा, तीही घाईची. नेमकी त्याच वेळी फिजिओ आली तर पोटात गोळाच येतो. ती पोकळ तळव्यानं छातीवर थापट्या देते, सिस्टर नळीतून कफ ओढते, पोर लालबुंद होऊन ठसकतं. घशात नळी, त्यामुळे रडण्याला आवाज नाही, नुसती आसवं.

"मारतीय काय ती त्याला?" खानापूरकडच्या एका बाईनं मला विचारलं. तिच्या मुलाला जीबीएस, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम, झालेला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याकडे ज्याचे रुग्ण वाढले, तोच. यात पाय लुळे पडतात, आणि वर इतके दुखतात की हात लावू देत नाहीत. तेच पाय रोज वाकवायचे, फिरवायचे. नाहीतर सांधे धरतात, पाऊल लोंबतं. हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं? फिजिओ मल्याळी, सिस्टर मणिपूरची, आणि बाईचं बेळगावी कन्नड ऐकून वॉर्डबॉयलाही हसू येतं.

शेवटी त्या फिजिओनंच तिला आत घेतलं. टाच तळहातात धरायची, पाऊल आपल्या मनगटावर टेकवायचं आणि हळूहळू रेटायचं. फिजिओला पाहून भुवया आक्रसणारं पोर आईला पाय धरू द्यायला लागलं. अमेरिकेतल्या ८२ बालअतिदक्षता विभागांच्या पाहणीतही घरचं माणूस जवळ असलेली मुलं पलंगाबाहेर जास्त येताना दिसली. आपल्याकडे आई अजून 'व्हिजिटर'च. जंतुसंसर्गाची भीती खोटी नाही. पण हात धुवायला शिकवणं काही अवघड नाही.

उलटा प्रकारही दिसतो. ब्राँकिओलायटिस (छोट्या श्वासनलिकांचा संसर्ग) झालेल्या तान्ह्याला सरसकट थापटून उपयोग होत नाही, हे अभ्यासांतून पुरेसं सिद्ध झालंय. तरी "फिजिओ का नाही दिली?" म्हणून बाप भांडतात, आणि दिली की बिलावरून पुन्हा भांडतात.

डिस्चार्जच्या दिवशी फिजिओनं खानापूरकडच्या त्या बाईच्याच मोबाइलवर व्यायामाचा व्हिडिओ काढून दिला, कारण व्यायामासाठी गावाहून रोज बेळगाव गाठणं त्यांना परवडणारं नव्हतं. रात्री पायाला बांधायची प्लास्टिकची पट्टीही दिली. पोर वाढलं आणि पट्टी लहान पडली तर, असं नवऱ्यानं विचारलं. "बेंगळुरूला या," काउंटरवरून उत्तर आलं.