पिस्तुलांचे शौकीन

ज्याला ज्या वस्तूची हौस, त्याला तिच्यावाचून दुसरा विषय सुचत नाही. चार तबलजी एकत्र आले की शाईची आणि वादीची चर्चा निघते. चार शेतकरी बैलबाजारातून परतले की खांदा, शिंगे आणि चाल यांपलीकडे बोलणे जात नाही. अमेरिकेत अशीच एक हौस आहे, आणि तिचा विषय आहे एका हातात मावणारी बंदूक. तेथे नेमबाजीच्या मैदानावर, बंदुकीच्या दुकानात किंवा शस्त्रांच्या जत्रेत चार माणसे भेटली, की 'तुमचे आवडते कोणते?' आणि 'अलीकडे काय घेतलेत?' हे दोन प्रश्न हमखास निघतात. हे बोलणे आपल्याला ऐकायला चमत्कारिक वाटते. परंतु चमत्कारिक म्हणून बाजूला सारण्यापेक्षा ही माणसे नेमके काय बोलतात, हे समजून घेणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

प्रथम दोन जाती ओळखून घेऊ. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रीत बसवलेली असतात. चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकते, घोडा मागे जातो आणि आपटतो. एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढावा; पुढचे घर समोर येते. स्वयंभरणी पिस्तुलात काडतुसे मुठीत बसणाऱ्या पेटीत एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटताना जो धक्का मागे बसतो, त्याच धक्क्याने वरचा पोलादी भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. वाया जाणाऱ्या शक्तीलाच कामाला जुंपण्याची ही युक्ती आहे. शौकिनांचे निम्मे वाद या दोन जातींतले असतात. साधेपणा आणि भरवसा हवा असणारा चक्रीकडे झुकतो. अधिक गोळ्या आणि चटकन भरणे हवे असणारा पेटीकडे.

आता आवडीनिवडींकडे वळू. जुन्या वळणाचा शौकीन सॅम्युअल कोल्टपासून सुरुवात करतो. या गोष्टीची एक कडी आपल्या देशाशी जुळते. १८३० साली सोळा वर्षांचा कोल्ट कलकत्त्याला निघालेल्या जहाजावर खलाशी होता, आणि त्या प्रवासातच त्याने फिरत्या चक्रीचा लाकडी नमुना कोरला, असे सांगतात. १८३६ साली त्याने अमेरिकेत पेटंट मिळवले. पहिला कारखाना बुडाला, दुसरा चालला, आणि १८७३ च्या नमुन्याचे त्याच्या कंपनीचे रिव्हॉल्व्हर पुढे प्रत्येक घोडेस्वारी चित्रपटाच्या नायकाच्या कमरेला लटकले. कोल्ट स्वतः मात्र १८६२ सालीच वारला होता.

दुसऱ्या गटाचे दैवत जॉन ब्राउनिंग. यूटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी १८५५ साली एका बंदूक बनवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. अमेरिकी लष्कराने १९११ साली त्याच्या आराखड्याचे .४५ व्यासाचे पिस्तूल स्वीकारले, ते सहा हजार गोळ्यांच्या कसोटीनंतर. ते तापले की पाण्यात बुडवून थंड करीत आणि पुन्हा झाडीत. एकदाही अडले नाही. हे पिस्तूल १९८५ पर्यंत लष्कराचे मुख्य पिस्तूल राहिले. एका यंत्राचे आयुष्य चौऱ्याहत्तर वर्षांचे! आजही कित्येक कारखाने त्याच आराखड्यावर पिस्तुले काढतात, आणि 'आजोबांकडे हेच होते' असे सांगताना शौकिनाचा स्वर आपल्याकडे वडिलोपार्जित सतारीविषयी बोलताना जसा होतो तसाच होतो. ब्राउनिंगचे नाव महाराष्ट्रालाही परके नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंगच होते.

तिसरा गट ग्लॉकचा. ऑस्ट्रियाचे गास्टन ग्लॉक हे प्लॅस्टिकच्या आणि सुऱ्यांच्या धंद्यातले. पिस्तूल त्यांनी पूर्वी कधी बनवलेले नव्हते. त्यांनी मूठ व सांगाडा प्लॅस्टिकच्या जातीच्या द्रव्याचा केला, नळी आणि वरचा भाग पोलादी ठेवला. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते घेतले. सतरा गोळ्या, आणि रिकाम्याचे वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. ब्राउनिंगच्या पिस्तुलात सात गोळ्या आणि वजन किलोहून अधिक. जुने शौकीन त्याला कुरूप म्हणाले. पोलिसांनी मात्र ते उचलून धरले. ग्लॉक २०२३ साली वारले तेव्हा त्यांचे पिस्तूल अमेरिकी पोलिसांच्या कमरेवर सर्वत्र दिसत होते.

'अलीकडे काय घेतलेत?' या प्रश्नाचे उत्तर मात्र काळाबरोबर बदलत आले आहे. पूर्वी शिकार आणि नेमबाजी ही बंदूक घेण्याची मोठी कारणे होती. २०२३ च्या एका राष्ट्रव्यापी पाहणीत बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे प्रमुख कारण सांगितले. त्यामुळे कपड्याखाली दडणारे लहान पिस्तूल लोकप्रिय झाले. २०१८ साली निघालेल्या एका नमुन्याने तळहाताएवढ्या आकारात दहा गोळ्या बसवल्या, आणि इतर कारखानेही त्या वाटेने गेले. खरेदीची रीत अशी: परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेणाऱ्याचे वय २१ पूर्ण हवे, त्याने एक सरकारी अर्ज भरायचा, दुकानदार त्याच्या पूर्वचरित्राची सरकारी नोंदीत तपासणी करवितो. या तपासणीचा पाया १९९३ च्या कायद्याने घातला. शस्त्र बाळगण्याचा हक्क तेथे १७९१ च्या घटनादुरुस्तीत आहे, आणि घरात संरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क होय, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला.

आपल्याकडे पायाच वेगळा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना हा हक्क म्हणून नव्हे, कारण दाखवून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रांची मर्यादा घातली. म्हणून आपली पिस्तुलाची हौस मुख्यतः क्रीडांगणावर फुलली. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. हात, डोळा आणि श्वास यांच्या एकाग्रतेची ही कला आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

येथवर आम्ही यंत्राचे कौतुक केले. ते कोठे थांबावे हेही सांगितले पाहिजे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, त्या इटलीच्या बेरेटा पिस्तुलातून. यंत्राने आपले काम चोख केले होते. चोखपणा हा यंत्राचा गुण खरा, परंतु तो कोणाच्या हाती आणि कोणत्या घटकेला, हे यंत्र विचारीत नाही.

घटका हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. अमेरिकेत २०२१ साली ४८,८३० माणसे बंदुकीने मेली. त्यांत खुनांपेक्षा आत्महत्या अधिक होत्या: २६,३२८. कॅलिफोर्नियातील दोन कोटी साठ लाख लोकांचा बारा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांकडे पिस्तूल होते, त्यांनी स्वतःच्या गोळीने मरण्याचा संभव इतर पुरुषांच्या आठपट निघाला. स्त्रियांच्या बाबतीत पस्तीसपट. पिस्तूल दुःख निर्माण करीत नाही. ते एका वाईट रात्रीला दुसरी संधी ठेवत नाही. इतर मार्गांनी प्रयत्न करून जे वाचतात, त्यांतले बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. घरात चोराकरिता आणलेले शस्त्र घरच्याच माणसावर चालते, ते असे.

याला उत्तर कोणी शोधले? शौकिनांनीच. २००९ साली न्यू हॅम्पशर राज्यात एका दुकानातून आठवड्याच्या आत तीन अनोळखी गिऱ्हाइकांनी बंदुका नेल्या आणि काही तासांतच जीव दिले. हे कळल्यावर दुकानदार हादरला. मग दुकानदार आणि आरोग्य खात्यातली माणसे एकत्र बसली. गिऱ्हाईक बेचैन दिसले तर काय पाहावे, काय विचारावे, विक्री केव्हा नाकारावी, याची पत्रके तयार झाली. शौकिनांच्या सुरक्षिततेच्या नियमांना एक नवा नियम जोडला गेला: मित्रावर वाईट दिवस आले असतील, तर त्याची बंदूक काही काळ त्याच्यापासून दूर ठेवावी. ही रीत पुढे इतर राज्यांतही गेली. कायद्याच्या वादात जे लोक एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, ते या एका गोष्टीसाठी एका टेबलाशी बसले.

आम्हांस या सर्व प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्या घरात पिस्तूल नसेल. परंतु कीटकनाशकाचा डबा असतो, झोपेच्या गोळ्यांची बाटली असते. ज्याला वस्तूची खरी ओळख आहे, त्यालाच ती केव्हा उचलून बाजूला ठेवावी हे कळले पाहिजे. 'अलीकडे काय घेतलेत?' हे विचारणारा मित्र चांगलाच. परंतु 'अलीकडे कसे आहात?' असे विचारून, उत्तर ऐकण्यासाठी जो थांबतो, तो माणूस वाचवतो.