श्रद्धा, प्रांत आणि कथेची कारागिरी



लेखकाची एखाद्या धर्मावर किंवा मतावर पक्की निष्ठा असली, की त्याचे लेखन प्रचारकी होते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हा आक्षेप चांगला परिचयाचा आहे. तो कितपत खरा, हे पाहण्यासाठी मी एक दूरचे उदाहरण घेतो. ते अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर हिचे.

१९२५ साली सव्हाना शहरात, कॅथलिक घरात तिचा जन्म झाला. ल्यूपस या दुर्धर रोगाने वडील गेले; पुढे तोच रोग तिलाही जडला. मिलेजव्हिल गावाजवळ आईच्या शेतावर राहून, रोज सकाळी नेमाने लिहून, तिने दोन कादंबऱ्या व सुमारे तीस कथा मागे ठेवल्या. १९६४ साली, ३९ व्या वर्षी ती वारली.

तिच्या प्रांतात वस्ती मुख्यतः बॅप्टिस्ट आणि मेथॉडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथांची. कॅथलिक अगदी मूठभर. तरीही तिने आपल्या पंथाच्या सज्जनांची चित्रे रंगवली नाहीत. 'वाइज ब्लड' (१९५२) या कादंबरीचा नायक ख्रिस्ताला वगळून चर्च स्थापू पाहणारा एक रस्त्यावरचा प्रवचनकार आहे. असे का? त्या मुलखात बायबलातल्या गोष्टी शेतमजुरालाही ठाऊक, आणि माणसे देवाशी भांडतात तीही चारचौघांत, मोठ्याने. कथालेखकाला असेच उघड भांडण हवे असते. शिवाय गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या आणि १८६५ साली हरलेल्या त्या प्रांताला, माणूस पतनशील आहे हे पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. माणसे, बोली आणि रीतभात तिला प्रांताने दिली.

मग श्रद्धेने काय दिले? कॅथलिकांच्या मते मासविधीत भाकरी व द्राक्षरस ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. म्हणजे देवाची कृपा जड वस्तूंतूनच येते. असे मानणारा लेखक चिखल, ट्रॅक्टर, घाम यांना तुच्छ लेखू शकत नाही. दुसरी गोष्ट तिने संत थॉमस अक्वायनस याच्यापासून घेतली: कारागिराने आधी पाहायचे ते घडवलेल्या वस्तूचे भले. सुतार कितीही भाविक असो, त्याच्या भक्तीने टेबलाचे पाय सरळ होत नाहीत. प्रचारकीपणाच्या आक्षेपाला तिचे उत्तर हेच होते.

१९५५ च्या संग्रहातील 'द डिस्प्लेस्ड पर्सन' ही कथा पाहा. महायुद्धानंतर एक पोलिश निर्वासित, गिझॅक, जॉर्जियातल्या एका शेतावर कामाला येतो. तो यंत्रे दुरुस्त करतो, दुप्पट राबतो. मालकीण मिसेस मॅकिंटायर हरखते. जुन्या गड्यांच्या पोटात मात्र गोळा येतो. पुढे कळते, की छावणीत अडकलेल्या आपल्या चुलतबहिणीला सोडवण्यासाठी त्याने तिचे लग्न शेतावरच्या एका कृष्णवर्णीय मजुराशी ठरवले आहे. मालकीण हादरते. ती धर्मगुरूकडे तक्रार करते, की तो मुळात यायलाच नको होता. मोराच्या पिसाऱ्याकडे पाहत गुरुजी म्हणतात, तो आपल्याला तारायला आला. ती गिझॅकबद्दल बोलते आहे, गुरुजी ख्रिस्ताबद्दल. एका 'तो'मध्ये दोन्ही माणसे उभी राहतात. उपदेश करावाच लागत नाही.

शेवटी उतारावर लावलेला ट्रॅक्टर घरंगळू लागतो. खाली गिझॅक काम करीत पडलेला. मालकीण, गोरा गडी आणि तो कृष्णवर्णीय मजूर, तिघेही पाहतात आणि कोणीही ओरडत नाही. बाहेरून आलेल्या कामगाराविषयीची भीती मालक आणि मजूर यांना एका गुन्ह्यात कशी बांधते, हे इतक्या नेमकेपणाने मी चळवळीच्या साहित्यातही फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. आणि ही लेखिका चळवळीतली नव्हे.

पण प्रांत जसा देतो तसा बांधतोही. १९५९ साली कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांना जॉर्जियात भेटण्यास तिने नकार दिला. तिथल्या समाजाची रीत तिला मोडायची नव्हती. तिच्या पत्रांत वर्णद्वेषी उद्गार आहेत. त्यामुळे २०२० साली मेरिलँडमधील लॉयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून टाकले. हे झाकण्याचे कारण नाही. मात्र जी रीत तिने स्वतः पाळली, तिच्या पोटी खून आहे, हे तिच्याच कथेने दाखवले. लेखिका थांबली तिथून कथा पुढे गेली. कारण कथेत तिने वस्तूशी बेइमानी केली नाही.

म्हणून निष्ठा लेखनाला मारते, हे मला पटत नाही. निष्ठेचे निमित्त करून डोळे मिटले, की लेखन मरते. आपल्या चळवळीतल्या तरुण लेखकांनी मालकाचे पाप लिहावेच; पण ट्रॅक्टर घरंगळताना आपल्यापैकी कोण गप्प राहिले, तेही लिहावे.